पेनसिल्व्हेनिया प्रांत: वसाहतीच्या सुरुवातीच्या काळातलं जगणं आणि राज्यकारभार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फिलाडेल्फिया हे नाव मराठी घरांत पोचलं ते आनंदीबाई जोशींमुळे. मार्च १८८६ मध्ये त्या तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. ते महाविद्यालय १८५० मध्ये उभं करणाऱ्यांत क्वेकर या ख्रिस्ती पंथाची माणसं पुढे होती, आणि ते शहर, किंबहुना तो सगळा प्रांतच, त्याआधी सुमारे एकशे सत्तर वर्षं विल्यम पेन नावाच्या एका क्वेकराने वसवला होता, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. त्या प्रांताबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

माझं मत आधीच सांगतो. सत्ताधाऱ्याने आपल्याच सत्तेला लेखी वेसण घालून घ्यावी, असा हा सतराव्या शतकातला अतिशय मनापासूनचा प्रयत्न होता. तो कुठे टिकला आणि जमिनीच्या लोभापुढे कुठे मोडला, या दोन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय त्याचं नुसतं कौतुक करण्यात अर्थ नाही.

हा प्रांत नेमका कुठे होता? तिथे आधी कोण राहत होतं?

उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे, डेलावेअर नदीच्या पश्चिमेला. उत्तरेला न्यूयॉर्क, दक्षिणेला मेरीलँड. क्षेत्रफळ आजच्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. कागदावर एवढा मुलूख असला तरी सुरुवातीची वस्ती नदीकाठाने चिंचोळ्या पट्ट्यात होती.

मुलूख मोकळा अजिबात नव्हता. लेनापे लोकांची गावं या खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या होती. त्यांच्या बायका मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावत. पुरुष शिकार आणि मासेमारी करत. १६३८ मध्ये स्वीडनने नदीच्या खालच्या अंगाला किल्ला बांधून वसाहत केली. तिच्यात फिनलंडची माणसंही होती आणि ओंडक्यांची घरं या भागात रुजली ती त्यांच्यामुळे. १६५५ मध्ये डचांनी ती वसाहत घेतली आणि १६६४ मध्ये इंग्रजांनी डचांकडून. म्हणजे पेन आला तेव्हा नदीकाठी तीन-चार भाषा आधीपासून नांदत होत्या.

इंग्लंडच्या राजाने एवढी जमीन एकाच माणसाला का दिली?

देणं फेडण्यासाठी. विल्यम पेनचे वडील आरमाराचे सेनापती होते. राजघराण्याकडे त्यांचं येणं राहिलं होतं, ते वाढत वाढत सुमारे १६ हजार पौंडांवर गेलं. दुसऱ्या चार्ल्सकडे रोकड नव्हती. समुद्रापलीकडची जमीन मात्र होती. ४ मार्च १६८१ रोजी त्याने सनद दिली. प्रांताचं नाव राजाने ठेवलं, ते सेनापतींच्या आठवणीसाठी. पेनला मात्र लोक याला आपला गर्व समजतील अशी भीती वाटत होती.

हाच तो दुसरा चार्ल्स, ज्याला पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न करताना मुंबई आंदण मिळाली होती. १६६८ मध्ये त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकली. पेनसिल्व्हेनियाचा खंड याहून गमतीदार: दर वर्षी १ जानेवारीला विंडसरच्या किल्ल्यात बीव्हर नावाच्या प्राण्याची दोन कातडी पोचवायची, आणि सोनं-चांदी सापडली तर पाचवा हिस्सा राजाचा. दोन्ही व्यवहारांमागचा हिशेब एकच होता. दूरचा मुलूख सांभाळायचा खर्च दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा आणि वरचा हक्क आपल्याकडे ठेवायचा. सनदेवर शिक्का बसला त्याच्या दीडेक महिना आधी रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला होता. काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो.

विल्यम पेन कोण होता आणि क्वेकर म्हणजे कोण?

सेनापतींचा मुलगा, ऑक्सफर्डमधून धर्ममतांपायी काढून टाकलेला, आणि तिशीच्या आत अनेकदा तुरुंगात गेलेला. क्वेकर हे इंग्लंडमधल्या यादवीच्या काळात निघालेल्या पंथाचे लोक. प्रत्येक माणसाच्या आत ईश्वराचा प्रकाश असतो, त्यामुळे मध्यस्थ पुरोहिताची गरज नाही, हा त्यांचा गाभा. यातून बाकी सगळं निघतं. श्रीमंतासमोर टोपी काढायची नाही, सगळ्यांना एकेरीत संबोधायचं, शपथ घ्यायची नाही (खरं नेहमीच बोलायचं तर शपथ कशाला?), शस्त्र धरायचं नाही. वार आणि महिने यांची नावं जुन्या देवतांवरून पडली म्हणून तीही टाळायची. ते ‘पहिला दिवस’, ‘तिसरा महिना’ असं म्हणत. त्यांचा पहिला महिना मार्च असे, त्यामुळे जुने कागद वाचताना बारावा महिना म्हणजे फेब्रुवारी हे लक्षात ठेवावं लागतं.

१६७० मध्ये लंडनच्या रस्त्यावर प्रवचन केल्याबद्दल पेन आणि विल्यम मीड यांच्यावर खटला झाला. पंचांनी (म्हणजे ज्युरीने) त्यांना दोषी ठरवायला नकार दिला. न्यायाधीशांनी पंचांना उपाशी कोंडून ठेवलं, दंड केला, तरी ते बधले नाहीत. त्यांच्यापैकी एडवर्ड बुशेल वरच्या न्यायालयात गेला आणि निकालाबद्दल पंचांना शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व तिथे पक्कं झालं. पेनने पुढे पंचांसमोरच्या खटल्याला आपल्या प्रांतात एवढं महत्त्व का दिलं, याचं उत्तर या अनुभवात आहे.

प्रांताचा कारभार कोण चालवायचं?

कागदोपत्री पेन हा मालकही होता आणि राज्यपालही. जमीन त्याची, अधिकारी नेमायचा हक्क त्याचा. वर राजा होताच. इथले कायदे पाच वर्षांच्या आत लंडनला पाठवावे लागत आणि राजाचं मंडळ ते रद्द करू शकत असे. मात्र सनदेतच अट होती की कायदे करायचे ते प्रांतातल्या मोकळ्या (म्हणजे कोणाच्या बंधनात नसलेल्या) नागरिकांच्या संमतीने. पेनने याच अटीवर इमारत उभी केली.

१६८२ मध्ये त्याने राज्यघटनेचा पहिला आराखडा छापला. त्यात ७२ जणांचं निवडून आलेलं मंडळ, आणि दोनशेपर्यंत सदस्यांची सभा. मतदान चिठ्ठीने. मंडळाचे एक तृतीयांश सदस्य दर वर्षी बदलायचे. मंडळात राज्यपालाची मतं तीन. घटना बदलायची तर सात भागांपैकी सहा भागांचं मत हवं. घटनेत स्वतःला दुरुस्त करण्याची वाट ठेवायची, ही त्या काळात नवीच गोष्ट होती. त्याच आराखड्याच्या प्रस्तावनेत पेन म्हणतो की जिथे कायद्याचं राज्य असतं आणि लोक त्या कायद्यांत सहभागी असतात तिथे, राज्यपद्धतीचं नाव काहीही असलं तरी, लोक स्वतंत्र असतात. मला हा सगळ्या दस्तऐवजातला सर्वांत मोलाचा विचार वाटतो.

प्रत्यक्षात मात्र एवढी माणसं आणायची कुठून? मार्च १६८३ मध्येच संख्या खाली आली. मंडळात जिल्ह्यागणिक ३, सभेत जिल्ह्यागणिक ६. जिल्हे सहा: वरचे फिलाडेल्फिया, बक्स आणि चेस्टर, खालचे न्यू कॅसल, केंट आणि ससेक्स. हे खालचे तीन मिळून आजचं डेलावेअर राज्य. ते पेनला राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याच्याकडून वेगळ्या कागदाने मिळाले होते. २७ ऑक्टोबर १६८२ ला तो न्यू कॅसलला उतरला तेव्हा ताबा देण्याचा विधी झाला. त्याच्या हातात किल्ल्याची चावी दिली, फांदी रोवलेलं गवताचं ढेकूळ दिलं, आणि वाडग्यात नदीचं पाणी व माती. खालच्या जिल्ह्यांचं वरच्यांशी कधीच जमलं नाही. १७०४ पासून त्यांची सभा वेगळी भरू लागली.

सभेचं खरं भांडण अधिकारासाठी होतं. सुरुवातीला तिला मंडळाने आणलेल्या मसुद्याला फक्त हो किंवा नाही म्हणता येत असे. सदस्यांना हे सोसेना. पेन १६८४ मध्ये इंग्लंडला परत गेला आणि भांडण वाढलं. १६८८ मध्ये त्याने जॉन ब्लॅकवेल नावाचा जुना प्युरिटन (कडव्या प्रोटेस्टंट पंथाचा) सैनिक राज्यपाल म्हणून नेमला. प्रांताचा मोठा शिक्का थॉमस लॉइडच्या ताब्यात होता. त्याने ब्लॅकवेलच्या हुकमांवर शिक्का मारायला साफ नकार दिला. शिक्का नाही म्हणजे हुकूम नाही. ब्लॅकवेल १६९० पर्यंत कसाबसा टिकला. १६९२ मध्ये राजाने प्रांत स्वतःकडे घेतला आणि न्यूयॉर्कचा राज्यपाल बेंजामिन फ्लेचर इथलंही पाहू लागला. १६९४ मध्ये तो पेनला परत मिळाला.

शेवटी २८ ऑक्टोबर १७०१ ला, दुसऱ्या भेटीतून परत निघताना, पेनने हक्कांची सनद दिली. कायदे आणायचा अधिकार सभेला मिळाला, मंडळाचा कायदे करण्यातला वाटा संपला. दर वर्षी ठरलेल्या दिवशी निवडणूक. आरोपीला साक्षीदार आणि वकील मिळण्याचा हक्क फिर्यादीएवढाच. या कागदावर प्रांत १७७६ पर्यंत चालला. पेनने हे खुशीने दिलं असं नाही, त्याला देणं भाग पडलं. पण दिल्यावर मागे घेतलं नाही.

मतदान कोणाला करता येत असे?

मालमत्ता असलेल्या मोकळ्या पुरुषांना. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या नियमानुसार पन्नास एकर जमीन आणि त्यातली बारा एकर साफ केलेली, किंवा पन्नास पौंडांची मालमत्ता. बायका, करारावरचे नोकर, गुलाम आणि लेनापे यांना मत नव्हतं.

धर्मस्वातंत्र्य खरंच होतं का?

त्या काळाच्या मानाने, होय. एका सर्वशक्तिमान ईश्वराला मानणाऱ्या कोणालाही त्याच्या श्रद्धेबद्दल छळायचं नाही आणि कोणत्याही पूजास्थानाला जायची किंवा त्याचा खर्च उचलायची सक्ती करायची नाही, हे कायद्यात होतं. इंग्लंडमध्ये ज्यांना तुरुंग ठरलेला होता ते इथे उघडपणे जमत. इंग्लंडच्या चर्चचे लोक १६९५ मध्ये स्थिरावले, मेनोनाइट आले, बाप्टिस्ट आले. १७३३ मध्ये फिलाडेल्फियात कॅथलिकांचं प्रार्थनास्थळ सुरू झालं. इंग्लंडमध्ये तेव्हा तशी उघड पूजा कायद्याने बंद होती.

मर्यादाही होत्या. सरकारी पद ख्रिस्ती माणसालाच मिळे, आणि पुढे इंग्लंडच्या दबावाने कॅथलिकांना पदं मिळणं बंद झालं. १६७० च्या दशकात मुंबईत इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर वेगवेगळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना धर्मपालनाची हमी देत होता. त्याच्या हमीमागे बंदर वसवायची गरज होती. पेनलाही वस्ती हवीच होती, पण त्याच्या हमीमागे स्वतः भोगलेला तुरुंगही होता.

कायदे फार कडक होते का?

एका बाजूने फार सौम्य, दुसऱ्या बाजूने फार जाचक. डिसेंबर १६८२ मध्ये चेस्टरला भरलेल्या सभेने ‘महान कायदा’ केला. इंग्लंडमध्ये चोरीसकट कितीतरी गुन्ह्यांना फाशी होती. इथे ती जवळजवळ फक्त खुनापुरती ठेवली. कैद्याकडून तुरुंगाचं भाडं घ्यायची प्रथा बंद केली, तुरुंगात काम शिकवायचं ठरवलं. बाराव्या वर्षानंतर प्रत्येक मुलाला काहीतरी धंदा शिकवायचा, म्हणजे गरीब कष्ट करून जगेल आणि श्रीमंतावर पाळी आलीच तर तोही उपाशी मरणार नाही. छोटे तंटे सोडवायला प्रत्येक भागात तीन समेटकार नेमायचे. आपल्याकडचे गावातले पंच आठवावेत.

दुसऱ्या बाजूला पत्ते, फासे, कोंबड्यांच्या झुंजी, नाटक, दारू पिऊन झिंगणं, शिवीगाळ या सगळ्याला दंड किंवा कैद. करमणुकीबद्दल क्वेकरांचं मन उदार नव्हतं.

ही सौम्यता टिकली नाही. क्वेकर शपथ घेत नसल्याने इंग्लंडने त्यांच्या साक्षी आणि निकालांवर सतत आक्षेप घेतले. १७१८ मध्ये तडजोड झाली: शपथेऐवजी गंभीर कथन चालेल, पण इंग्लंडचा फौजदारी कायदा स्वीकारावा लागेल. फाशीच्या गुन्ह्यांची यादी एका दिवसात लांबली. स्वतःच्या जिभेचा धर्म राखण्यासाठी त्यांनी दुसऱ्यांच्या मानेवरचा दोर मान्य केला, हे मला आजही सलतं.

इथे चेटकिणींचे खटले झाले का?

नोंदलेला एक खटला आहे, आणि तो मुळातून पाहण्यासारखा आहे. फेब्रुवारी १६८४ मध्ये मार्गारेट मॅटसन आणि आणखी एका बाईवर आरोप ठेवला गेला. दोघी जुन्या स्वीडिश वस्तीतल्या. त्यांना इंग्रजी नीट येत नव्हतं म्हणून लासे कॉक हा त्यांच्याच वस्तीतला माणूस दुभाषी म्हणून बसला. खटला स्वतः पेनसमोर चालला. साक्षी कसल्या, तर हिने गाई मंतरल्या असं वीस वर्षांपूर्वी ऐकलं होतं. एका वासरू मेलेल्या घरात चेटूक कोणाचं हे कळावं म्हणून वासराचं काळीज उकळत ठेवलं तेव्हा ही तिथे आली आणि काय शिजवताय म्हणून विचारलं. मार्गारेटने सगळं नाकारलं. साक्षीदार ऐकीव सांगताहेत, ज्यांनी पाहिलं ते कुठे आहेत, असं तिचं म्हणणं होतं.

पंचांनी निकाल दिला: चेटकीण असल्याची बोलवा तिच्याबद्दल आहे एवढ्यापुरती ती दोषी, पण आरोपात म्हटलं आहे तसं कृत्य केल्याबद्दल दोषी नाही. दोघींच्या नवऱ्यांकडून सहा महिन्यांच्या चांगल्या वागणुकीसाठी पन्नास-पन्नास पौंडांचे जामीन घेतले आणि बायका घरी गेल्या. आठ वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला १९ जणांना फाशी झाली आणि एका म्हाताऱ्याला दगडांखाली चेंगरून मारलं. तिथेही पंच होते, तिथेही कायदा होता. फरक पडला तो ऐकीव गोष्टीला पुरावा मानायचं की नाही, यामुळे.

सामान्य माणसाचं रोजचं जगणं कसं होतं?

सुरुवात समुद्रावरच्या साधारण दोन महिन्यांच्या प्रवासाने. पेन ज्या ‘वेलकम’ जहाजातून आला त्यावर शंभरेक प्रवासी होते. देवीच्या साथीत त्यांतले तीसेक वाटेतच गेले. उतरल्यावर घर तयार नसे. कित्येक कुटुंबांनी पहिला हिवाळा डेलावेअरच्या काठच्या उंच दरडीत खोदलेल्या गुहांमध्ये काढला. अर्धी खोली जमिनीत, पुढच्या बाजूला फांद्या आणि मातीच्या ढेकळांचं छप्पर, कोपऱ्यात चूल. घरं उभी राहिल्यावर याच गुहांत दारूचे गुत्ते सुरू झाले आणि त्या बुजवायला सरकारला हुकूम काढावे लागले.

खायला मका भरपूर. तो कसा पेरायचा आणि दळायचा हे लेनापे आणि जुन्या स्वीडिश शेतकऱ्यांकडून शिकायचं. वसंतात नदीला शॅड माशांची चढ लागे, तेव्हा ते मिठात घालून पिंपं भरत. हरीण, रानटर्की, रानकबुतरं. पीच इतके की डुकरांनाही घालत. काही वर्षांतच गहू नीट येऊ लागला आणि पीठ व पाव वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या बेटांकडे जाऊ लागले. तिकडून साखर, काकवी आणि रम परत येई. नाणी नेहमी तुटपुंजी. स्पॅनिश रुप्याचे तुकडे चालत, नाहीतर देणं धान्यात फिटे. १७२३ मध्ये प्रांताने कागदी चलन काढलं ते यामुळेच.

क्वेकरांचं लग्न साधं: प्रार्थनासभेत सगळ्यांसमोर दोघांनी उभं राहून एकमेकांना वचन द्यायचं आणि हजर असलेल्यांनी कागदावर सह्या करायच्या. भटजी नाही, अंगठी नाही. त्यांच्या सभेत बायका बोलत, प्रवचन करत, स्वतःच्या वेगळ्या बैठका चालवत. मत नव्हतं, पण आवाज होता. मुलींना लिहिता-वाचता यावं हा आग्रह या पंथात लवकर दिसतो.

फिलाडेल्फिया आखीव शहर होतं का?

होय, सुरुवातीपासून. पेनने १६६५ चा प्लेग आणि १६६६ ची आग यांतलं लंडन पाहिलं होतं, म्हणून त्याला मोकळं, हिरवं गाव हवं होतं. घर प्लॉटच्या मधोमध, भोवती बाग. भूमापक थॉमस होमने १६८३ मध्ये नकाशा छापला. दोन नद्यांच्या मध्ये काटकोनात रस्ते, दोन मुख्य रस्ते शंभर फूट रुंद, मध्यभागी एक चौक आणि चार कोपऱ्यांत चार. आडव्या रस्त्यांना झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. लोकांनी मात्र नदीकाठीच गर्दी केली, प्लॉट तोडून विकले, मधून बोळ काढले. पाचही चौक तेवढे राहिले.

जमीन कशी मिळायची? पैसे नसलेल्या माणसाचं काय?

पाच हजार एकर शंभर पौंडांना, वर दर शंभर एकरांमागे वर्षाला एक शिलिंग सारा. पहिल्या चार-पाच वर्षांत सात लाखांहून अधिक एकर विकली गेली. सारा मात्र लोक भरत नसत. जमीन विकत घेतली, मग हे कसलं भाडं, असा त्यांचा सवाल.

ज्याच्याकडे जहाजाचंही भाडं नसे तो करार लिहून देई. साधारण चार वर्षं मालकाकडे राबायचं, मुलांनी एकवीस वर्षांचे होईपर्यंत. मुदत संपली की कपडे, अवजारं, आणि सुरुवातीच्या अटींप्रमाणे पन्नास एकर जमीन. मधल्या काळात मालकाच्या परवानगीशिवाय लग्न करता येत नसे आणि पळून गेल्यास मुदत वाढे.

क्वेकरांच्या प्रांतात गुलाम होते?

होते. १६८४ मध्ये ‘इझाबेला’ जहाजातून दीडशे आफ्रिकी माणसं फिलाडेल्फियाला आणून विकली गेली. घेणारे बहुतेक क्वेकर होते. पेनने स्वतः पेन्सबरीच्या मळ्यावर गुलाम ठेवले. १७०० मध्ये सभेने काळ्या लोकांच्या गंभीर गुन्ह्यांसाठी वेगळं न्यायालय केलं, त्यात पंच नाहीत. स्वतः पंचांमुळे सुटलेल्या माणसाच्या प्रांतात हे घडलं.

विरोधही इथेच सुरू झाला. १६८३ मध्ये जर्मनीतल्या क्रेफेल्डहून तेरा कुटुंबं आली आणि जर्मनटाउन वसलं. १६८८ मध्ये तिथल्या चौघांनी, त्यांत फ्रान्सिस डॅनियल पॅस्टोरियस हा वकील होता, गुलामगिरीविरुद्ध निवेदन लिहिलं. आपल्याला कोणी असं वागवलेलं चालेल का, हा त्यांचा मुख्य प्रश्न. इथे श्रद्धेचं स्वातंत्र्य आहे तसं शरीराचंही हवं, असं ते म्हणतात. निवेदन क्वेकरांच्या मासिक बैठकीने तिमाही बैठकीकडे पाठवलं, तिने वार्षिककडे. वार्षिक बैठकीने विषय फार जड आहे म्हणून बाजूला ठेवला. सभासदांनी गुलाम ठेवू नयेत असा नियम करायला त्याच बैठकीला १७७६ उजाडलं.

सैन्य नसताना प्रांताचं संरक्षण कसं व्हायचं?

पहिली सत्तर वर्षं लेनापेंशी मोठी लढाई झाली नाही, हेच मुख्य संरक्षण. लंडनहून युद्धासाठी पैसे मागितले की सभा टाळाटाळ करी. १७११ मध्ये कॅनडावरच्या मोहिमेसाठी तिने दोन हजार पौंड दिले, पण ‘राणीच्या उपयोगासाठी’ अशा शब्दांत. १७५६ मध्ये प्रांताने लेनापेंविरुद्ध युद्ध पुकारल्यावर कित्येक क्वेकरांनी सभेतल्या जागा सोडल्या.

पेनला या सगळ्यातून काय मिळालं?

कर्ज. तो प्रांतात दोनदाच राहिला: १६८२ ते १६८४ आणि १६९९ ते १७०१. त्याचा कारभारी फिलिप फोर्ड याने सह्या घेतलेल्या कागदांच्या जोरावर फोर्डच्या वारसांनी प्रांतावरच दावा सांगितला आणि १७०८ मध्ये पेनला कर्जापायी लंडनमध्ये कैदेत राहावं लागलं. १७१२ मध्ये प्रांताचा कारभार राजसत्तेला विकायची बोलणी चालू असताना त्याला पक्षाघात झाला. पुढे त्याची बायको हॅना पेन हिने, नवऱ्याच्या मृत्यूनंतरही, १७२६ पर्यंत मालकीचा व्यवहार लंडनहून सांभाळला. तिचं नाव पाठ्यपुस्तकांत फार कमी येतं.

लेनापेंशी केलेला तह खरा होता का?

जमिनीचे करार खरे आहेत, कागद आहेत. १६८२ च्या जुलैमध्ये पेनच्या वतीने विल्यम मार्कहॅमने पहिली खरेदी केली. मोबदल्यात शंखमण्यांच्या माळा, घोंगड्या, कोट, किटल्या, बंदुका, कुदळी. पेन आला तेव्हा शॅकमॅक्सनच्या एल्म वृक्षाखाली तामानेंद या प्रमुखाशी मैत्रीचा करार झाला असं परंपरा सांगते. तो एल्म १८१० च्या वादळात पडला.

राजाची सनद हातात असूनही जमीन पुन्हा मूळ रहिवाशांकडून विकत घ्यायची, हे पेनने केलं. वसाहतवाले आणि लेनापे यांच्यातले तंटे सहा इकडचे, सहा तिकडचे अशा बारा जणांनी सोडवावेत असं त्याने लिहून ठेवलं होतं. तो त्यांची भाषाही थोडी शिकला. तरीही जमीन देणं म्हणजे वापरात वाटा देणं असं लेनापे समजत, आणि कायमची मालकी असं इंग्रज. ही तफावत पेन असेपर्यंत झाकली गेली.

‘चालत मोजलेल्या जमिनी’चा प्रकार काय होता?

पेनच्या मुलांच्या काळात, विशेषतः थॉमस पेनच्या पुढाकाराने, १६८६ चा म्हणून एक कागद पुढे आला. दीड दिवसात माणूस जेवढं चालेल तेवढी जमीन पेनची, असं त्यात असल्याचं सांगितलं गेलं. लेनापेंच्या समजुतीत चालणं म्हणजे नदीकाठाने, थांबत, खात, चिलीम ओढत चालणं. पेनच्या माणसांनी आधीच जंगलातून वाट साफ करून ठेवली आणि तीन तगडे गडी निवडले. १९ सप्टेंबर १७३७ ला पहाटे ते राइट्सटाउनहून निघाले. दोघे वाटेत गळाले, एडवर्ड मार्शल साठाहून अधिक मैल गेला. बरोबर आलेले लेनापे ‘हे चालणं नाही, पळणं आहे’ अशी तक्रार करत मागे फिरले. मग शेवटच्या टोकापासून नदीकडे जवळची रेघ न ओढता ईशान्येकडे तिरकी ओढली. जवळपास ऱ्होड आयलंड राज्याएवढा प्रदेश गेला. १७४२ मध्ये फिलाडेल्फियातल्या बैठकीत, प्रांताच्या बाजूने, इरोक्वाय या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातसंघाचा प्रमुख कानासाटेगो याने लेनापेंना तिथून निघून जायला फर्मावलं.

इथे काय घडलं ते नीट पाहावं. कोणताही कायदा मोडला नाही. कागद, साक्षीदार, मोजणी सगळं होतं. वडिलांनी विश्वास बसावा म्हणून जी लेखी पद्धत घालून दिली तीच मुलांनी फसवणुकीसाठी वापरली. १७५५ पासून सरहद्दीवर रक्त सांडू लागलं तेव्हा लेनापेंच्या तक्रारींत ही जमीन होती. २००४ मध्ये डेलावेअर नेशनने यातल्या एका तुकड्यासाठी अमेरिकेच्या संघीय न्यायालयात दावा लावला. तो फेटाळला गेला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

फिलाडेल्फियाला गेलो तर यातलं काय पाहता येईल?

न्यू जर्सीत नातेवाईक असलेल्यांना हे एका दिवसात जमतं. नगरभवन मधल्या चौकातच उभं आहे आणि त्याच्या शिखरावर पेनचा पुतळा आहे. बाकीचे चार चौक वॉशिंग्टन, फ्रँकलिन, लोगन आणि रिटनहाउस या नावांनी आहेत. होमचा नकाशा फोनवर ठेवून हिंडलात तर मजा येईल. एल्मच्या जागी पेन ट्रीटी पार्क आहे. स्वीडिश लोकांचं ग्लोरिया डेई हे १७०० मध्ये पुरं झालेलं चर्च नदीजवळ आहे. लिबर्टी बेल ही प्रसिद्ध घंटा पाहायला रांग असते. ती १७५१ मध्ये मागवली तेव्हा १७०१ च्या सनदेला पन्नास वर्षं झाली होती, हे रांगेत मुलांना सांगता येईल. पेन्सबरीचा मळा शहराबाहेर तासाभराच्या अंतरावर आहे. तिथलं घर विसाव्या शतकात जुन्या पायावर पुन्हा बांधलेलं आहे. तिथे राबलेल्या गुलामांबद्दल मार्गदर्शकाला आवर्जून विचारा.